मागचं उजवं दार

गाडीचं मागचं उजवं दार उघडेना, तेव्हा मामी आत होत्या आणि गोकुळ बाहेर पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता.

मामी म्हणजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. गोकुळ हा त्यांचा पुतण्या, रावेरचा केळीवाला. मी मामींना भुसावळहून त्याच्याकडे कायमचं सोडायला आलो होतो.

चारूचं, म्हणजे माझ्या बायकोचं, वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. तिच्या आजारपणात मामी आमच्याकडे आल्या आणि ती गेल्यावरही वर्षभर थांबल्या. आम्हाला मूलबाळ नाही. घरात मी आणि मामी, दोघंच. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी बोचकं बांधायला घेतलं.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"गोकुळकडं. लेक होती तोवर घर लेकीचं होतं, जावईबापू. आता तुमच्याकडं कशाच्या नात्यानं राहू?"

मला उत्तर सुचलं नाही. वेळेवर मला कधीच काही सुचत नाही. चारू म्हणायची, यांना उत्तर सापडतं ते दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना. म्हणून मी मुकाट्यानं गाडी काढली.

आणि आता दार फसलं होतं.

"जोरात ओढा, दाजी," गोकुळ म्हणाला.

मी ओढलं. त्यानं तांब्या ओट्यावर ठेवला आणि दोघांनी मिळून ओढलं. दाराचा वरचा कोपरा चौकटीत रुतून बसला होता. गेले काही दिवस ते दार लावताना धक्का द्यावा लागत होता. मला वाटलं होतं, नवी गाडी आहे, आखडलेली असेल.

"दिवाळीला घेतली ना? अजून सीटच्या मागचं प्लास्टिक निघालं नाही आणि दार गेलं?"

"तू आधी डावीकडचं सामान काढ," मी म्हणालो.

डावीकडच्या सीटवर गोधड्यांचं बोचकं, पितळी घंगाळ आणि तुळशीची कुंडी होती. ते सगळं आम्ही बाहेर काढलं. मी डावीकडून वाकून म्हणालो, "मामी, जरा मागं टेका आणि हळूच इकडं सरका."

मामी मागं टेकल्या. कडकन आवाज झाला आणि सीटचा मागचा भाग खाली बसला. मामी त्यात कमरेपर्यंत गेल्या आणि त्यांचे गुडघे वर आले.

"अगं माय!"

"लागलं का? मामी, कुठं लागलं का?"

"लागलं नाही. पण निघू कशी?"

गोकुळनं तोंड दुसरीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मामींनी ते पाहिलं.

"हस, हस. काकू खड्ड्यात पडली, तू हस."

त्यांच्या गुडघ्यांवर जळगावला उपचार चालू आहेत. ओढून काढावं तर गुडघे दुखावतील, अशी मला भीती वाटत होती. मी कंपनीला फोन लावला. मदतीची गाडी फैजपूरला आहे, लगेच पाठवतो, असं त्यांनी सांगितलं. गोकुळच्या बायकोनं खिडकीतून मामींना चहा दिला. खड्ड्यात बसून मामी तो बशीत ओतून प्यायल्या आणि साखर कमी आहे म्हणाल्या.

मदत येईपर्यंत ही गाडी काय आहे ते सांगतो.

तिच्यात लोखंड कमी आणि हाड जास्त आहे. हाड हे लोकांनी ठेवलेलं नाव. कंपनीचं नाव लांबलचक आहे, ते कोणी घेत नाही. आपल्या अंगातल्या हाडाचा एक गुण आहे. ज्या बाजूनं भार पडतो तिथं ते दाट होतं आणि जिथं पडत नाही तिथं विरळ होत जातं. अंतराळात महिनोन्‌महिने राहून आलेल्या लोकांची हाडं ठिसूळ होतात ती यामुळेच. तिथं वजनच नसतं.

शास्त्रज्ञांनी त्याच गुणाचा पदार्थ बनवला. केसासारख्या धाग्यांची जाळी असते आणि धाग्यांना जोडणाऱ्या गाठी सुटून दुसरीकडे जाऊन बसू शकतात. जो धागा ताणला जातो, त्याच्या आजूबाजूला गाठी गोळा होतात. जो रिकामा राहतो, त्याच्या गाठी निघून जातात. बॅटरीतून येणाऱ्या अगदी मंद प्रवाहावर हे काम दिवसरात्र चालू असतं. त्यामुळे गाडी हलकी होते आणि जिथं हवी तिथंच मजबूत होते. पहिले काही महिने हे शिकणं जोरात चालतं. मेकॅनिक लोक त्याला गाडीचं बाळसं म्हणतात. तापीवरचा नवा पूल याच हाडाचा आहे. केळीचे भरलेले ट्रक ज्या बाजूनं जातात, ती बाजू आता दुसरीपेक्षा जाड झाली आहे. खालून पाहिलं तर दिसतं.

माझं गादीचं दुकान आहे. कापसाच्या गादीवर माणूस झोपला की ती दबते. हाडाचं उलटं आहे. ज्याचा भार पडेल, त्याच्याखाली ते उभं राहतं. मला ही गोष्ट पटली, म्हणूनच ही गाडी घेतली. मामींना रिक्षात चढता येईना आणि दर आठवड्याला जळगावला न्यायचं होतं.

मदतीच्या गाडीतून एक मुलगी उतरली. कंपनीचा निळा शर्ट, पाठीवर पिशवी. "मी रेहाना तडवी, इंजिनिअर," ती म्हणाली. तिनं खिडकीतून आत पाहिलं.

"आजी, दुखतंय का काही?"

"नाही. तू कुणाची गं?"

"यावलची. थांबा, आधी तुम्हाला वर काढते."

तिनं सीटखाली एक चपटी रबरी पिशवी सरकवली आणि पंप लावला. पिशवी फुगत गेली तशा मामी हळूहळू वर आल्या, गुडघ्यांना धक्का न लागता. मग डाव्या दारातून आम्ही त्यांना उतरवलं आणि ओट्यावरच्या खाटेवर बसवलं. त्यांनी आधी पदर डोक्यावर घेतला आणि मग लुगडं सारखं केलं.

रेहानानं पाटीएवढा एक पडदा सीटसमोर धरला. त्यावर सीटचं आतलं हाड दिसायला लागलं. दाट भाग पांढरा, विरळ भाग काळा. सीटची पुढची कड दोरखंडासारखी पांढरी होती आणि मागं सगळा काळोख. तिनं पडदा वर नेला. दाराच्या वर, धरायची मूठ असते तिथं, हाड मनगटाएवढं जाड झालं होतं. तिथून ते खांबात उतरलं होतं आणि चौकट त्यानं आत ओढली होती.

"दार यानंच दाबलंय," ती म्हणाली. "पण हे असं वाढलं कसं? काका, इथं मागं कोण बसतं?"

"या बसतात. मामी."

"आणि कोणी लहान मूल?"

"नाही."

"गाडीची नोंद तर म्हणते मूल. म्हणून आतून दार उघडू नये याचं कुलूपसुद्धा तिनं आपोआप लावून टाकलंय. तुम्हाला पुढच्या पडद्यावर कधी दिसलं नाही?"

दिसत होतं. मामी बसल्या की पुढं मागच्या सीटवर एका लहान मुलाचं चित्र यायचं. काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं. पण मी ते काढायला कोणाला सांगितलं नाही. असू दे म्हटलं.

"दिसायचं," मी म्हणालो.

रेहाना खाटेपाशी गेली. "आजी, तुम्ही गाडीत बसता कशा? मला बसून दाखवा बरं."

"बसण्यात काय दाखवायचं?"

"दाखवा तर."

मामी खाटेच्या अगदी कडेवर सरकल्या. पाय जमिनीत रोवले, पाठ ताठ केली आणि उजवा हात वर उचलून हवेत मूठ धरली. अर्धं अंग त्या हाताला लटकलेलं; सीटवर वजन उरत होतं ते लहान मुलाएवढंच.

"काकू!" गोकुळ ओरडला. "तू गाडीत बसतेस की एस.टी.त उभी राहतेस?"

"तू गप रे."

रेहाना त्यांच्याकडे पाहतच राहिली. "जळगावपर्यंत अशाच? प्रत्येक वेळी?"

"मग काय रेलून बसू? पुढं जावई बसलेले. त्यांच्या पाठीमागं पाय सोडून, डोकं टेकून बसायचं? आमच्यात नाही तसं."

"म्हणून तुम्ही माझ्या मागच्याच सीटवर बसायचात," मी म्हणालो.

"आरशात दिसू नये म्हणून." आता त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "आणि गाडी नवी. डोक्याचं तेल लागलं असतं."

रेहाना खाटेवर त्यांच्या शेजारी बसली आणि मोठ्यानं हसली. "काका, आमच्या कारखान्यात या सीटवर हजारो माणसं बसवून पाहिली. जाड, बारीक, गरोदर, दारू पिऊन झोपलेली. पण जावयाच्या गाडीत सासू कोणी बसवली नाही. हा रिपोर्ट मी लिहिला तर वरचे लोक मला वेडी म्हणतील."

"तुझी आजी कशी बसते गं?" मामींनी विचारलं.

"माझी आजी पुढं बसते आणि ड्रायव्हरला शिव्या देते."

मामीही हसल्या. वर्षभरात मी त्यांना तोंडावर पदर न घेता हसताना पाहिलं नव्हतं.

मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. आजवर कधी घेतला नव्हता, त्या दचकल्या. तळव्यावर बोटांच्या खाली कातडीचा एक घट्टा पडला होता. इतके दिवस मी समजत होतो की तो काठीचा आहे. पण काठी त्या डाव्या हातात धरतात.

रेहाना कामाला लागली. तिनं खांबाला आणि सीटला तारा लावल्या. जास्तीचा प्रवाह सोडला की हाड गरम होतं, सगळ्या गाठी सुटतात आणि ते मऊ पडतं, असं तिनं सांगितलं. थोड्या वेळानं एक वास सुटला. नव्या प्लास्टिकच्या बादलीत कढत पाणी ओतल्यावर येतो तसा.

तो वास मला माहीत होता. चारूचा दवाखान्यातला पलंग याच हाडाचा होता. पडून राहणाऱ्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून तसे पलंग आता सगळीकडे आहेत. तिच्या खांद्याखाली, कमरेखाली तो तिच्या मापाचा झाला होता. ती गेली त्या दिवशी मी बिल भरून वर आलो तर नर्सनं पलंगाला तारा लावल्या होत्या. पुढच्या पेशंटसाठी पलंग सपाट करायचा होता. तिचं काही चुकलं नाही. मी दारात उभा राहिलो आणि पलंग सपाट होईपर्यंत पाहिलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मागं वळून पाहिलं तर मामी खाटेवरून त्या तारांकडेच बघत होत्या. वास त्यांनाही कळला होता. त्या दिवशी दवाखान्यात त्याही होत्या.

दार टक्‌ करून सुटलं. गोकुळनं ते दोन-तीन वेळा उघडून लावून पाहिलं.

"झालं?" मी विचारलं.

"दार झालं. सीटचं राहिलं." रेहाना हात पुसत माझ्याजवळ आली. "हाड आता कोरं आहे. ते पुन्हा शिकेल. काही दिवस रोज थोडी गाडी फिरवा आणि या सीटवर माणूस नीट बसवा. पूर्ण वजन टाकून, मागं टेकून. मूठ धरायची नाही. मी आत टेकू लावलाय, आता खचणार नाही."

"साखरेचं पोतं ठेवलं तर?"

"पोतं श्वास घेत नाही, कूस बदलत नाही. माणूसच पाहिजे."

"मामीच?"

"नाही, कोणीही चालेल. शेजारचं कोणी बसवा."

मी ओट्याकडे गेलो. गोकुळ मामींच्या पायाशी बसला होता. खोलीला नवा रंग दिलाय, खिडकी बागेकडे उघडते, असं काही तो त्यांना सांगत होता. माणूस मनानं चांगला आहे. तिथं त्यांना काही कमी पडलं नसतं.

"मामी," मी म्हणालो, "ती म्हणते, गाडी दुरुस्त व्हायला तुम्हालाच बसावं लागेल. काही दिवस. म्हणजे तुम्हाला परत यावं लागेल."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. "माझे गुडघे गेलेत, जावईबापू. कान नाही गेले. कोणीही चालेल म्हणाली ती."

तारा गुंडाळणाऱ्या रेहानानं मान खाली घातली. गोकुळ एकदा माझ्याकडे, एकदा मामींकडे बघायला लागला. आता गप्प राहिलो, तर उद्या अंघोळ करताना उत्तर सापडेल आणि घरात ते ऐकायला कोणी नसेल, एवढं मला कळत होतं.

"गाडीला कोणीही चालेल," मी म्हणालो. "मला नाही चालणार."

मी खाटेपाशी खाली बसलो.

"तुम्ही विचारलंत, कशाच्या नात्यानं राहू. मला नात्याचं नाव माहीत नाही. सकाळी तुम्ही चहा टाकता आणि म्हणता, चारूला आलं जास्त लागायचं. रोज म्हणता. तुम्ही गेलात तर हे कोण म्हणेल? दुकानात मी तिचं नाव काढलं तर लोक विषय बदलतात. त्यांना वाटतं मला त्रास होईल. तिच्याबद्दल बोलायला मला दुसरं माणूस नाही. आणि तुम्हालाही नाही."

मामींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पुन्हा सोडलं.

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, सासू जावयाकडं राहते."

"हसतील."

"हसू द्या. गोकुळ मघापासून हसतोच आहे, आपलं काय गेलं?"

"मी कुठं हसलो, दाजी!"

मामींनी अंगणातल्या घंगाळाकडे पाहिलं. मग गोकुळच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला.

"रंग कोणता दिलास रे खोलीला?"

"पिस्त्याचा."

"चांगला दिलास. आंब्याच्या दिवसांत येईन राहायला. आता ते बोचकं परत गाडीत टाक. कुंडी नीट धर, तुळस मोडू नको."

गोकुळनं डोळे पुसले आणि बोचकं उचललं. "काय काकू, एवढा स्वयंपाक करून ठेवलाय तिनं."

"मग जेवूनच जातो ना. उपाशी कोण जातंय?"

शेवभाजी आणि कळण्याची भाकरी होती. रेहानालाही बसवलं. ती नाही नाही म्हणाली आणि मग सगळ्यांपेक्षा जास्त जेवली.

निघताना मामी मागच्या उजव्या सीटवर बसल्या. सवयीनं हात वर गेला. रेहानानं बाहेरून काचेवर टकटक केली, तशी त्यांनी मूठ सोडली.

रावेर सुटलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पानांची सावली रस्त्यावर आलेली.

"टेकू?" मामींनी विचारलं.

"टेका."

"पुन्हा मोडलं तर?"

"मोडलं तर रेहानाला बोलावू. तिला शेवभाजी आवडलीच आहे."

सीट हलकेच कुरकुरली. मग मामींनी मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला.

"बाई गं," त्या म्हणाल्या. "एवढी मऊ आहे होय ही?"

मी पुढं बघून गाडी चालवत होतो. सावद्याच्या अलीकडे त्यांनी डावीकडच्या एका बागेकडे बोट केलं.

"इथंच चारूनं बिबट्या दाखवला होता सगळ्या गावाला."

"हो, सांगायची ती. शाळेत जाताना दिसला होता. तिच्याकडं बघत उभा राहिला होता म्हणे."

"कसला बिबट्या, जावईबापू! गणिताची परीक्षा होती. पोरीनं पळत येऊन बोंब ठोकली. गाव काठ्या घेऊन निघालं, मास्तरांनी शाळा सोडून दिली. दोन दिवस बाग तुडवली माणसांनी. तिसऱ्या दिवशी माझ्या कुशीत येऊन सांगितलं तिनं, मांजर पण नव्हतं म्हणून."

मी गाडीचा वेग कमी केला. "मामी, मला तर तिनं बिबट्या खरा म्हणून सांगितलाय. लग्न झाल्यापासून सांगत होती. दर वेळी तो मोठा व्हायचा. शेवटी तर दवाखान्यात त्या नर्सलासुद्धा सांगितला."

"तुम्हाला पण?"

"मला पण."

मामी हसायला लागल्या, आणि मग मीही. हसता हसता मला पुढचं नीट दिसेना, म्हणून गाडी कडेला घेतली. मागून त्यांचा हात आला आणि माझ्या खांद्यावर थांबला. जड हात होता. मग मी पाणी प्यायलो आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

फैजपूरला भुसावळचा फाटा आला. मी तिकडे न वळता यावलच्या रस्त्याला लागलो.

"हा रस्ता लांबचा आहे," मामी मागून म्हणाल्या.

"हो."

त्यांनी सीटवर अंग सैल सोडलं, पाय थोडे पुढं घेतले.

"मग जरा हळू घ्या," त्या म्हणाल्या. "अजून तिनं मास्तरांचा चष्मा कुठं लपवला होता ते सांगायचंय."